झोपडपट्टीमुक्त चंडीगड : घर मिळाले, हक्काचे काय?

देशातील पहिले सुनियोजित आधुनिक शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चंडीगडमधील अखेरची मोठी झोपडपट्टी सप्टेंबर २०२५ मध्ये हटविण्यात आली. सेक्टर ३८ पश्चिम येथील शाहपूर कॉलनीवरील कारवाईनंतर हे केंद्रशासित शहर झोपडपट्टीमुक्त झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले. जवळपास दोन दशके चाललेल्या पुनर्वसन मोहिमेचा तो शेवटचा टप्पा होता. या काळात हजारो कुटुंबे पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या आडोशातून पक्क्या सदनिकांत राहावयास गेली. त्याच वेळी अनेक कुटुंबे पुनर्वसनाच्या यादीबाहेर राहिली आणि ज्यांना घरे मिळाली त्यांच्याही हाती मालकीचा कागद आला नाही.

विकसनशील देशांतील नागरी गरिबांच्या घरांचा प्रश्न समजून घेण्यासाठी चंडीगडचे उदाहरण महत्त्वाचे आहे. बहुतेक शहरांना जमिनीची टंचाई, खासगी मालकीचे वाद आणि नियोजनाचा अभाव या अडचणी भेडसावतात. चंडीगडमध्ये जमीन सरकारने संपादित केलेली होती, आराखडा तयार होता आणि प्रशासनही सक्षम होते. तरीही येथे झोपड्या का उभ्या राहिल्या आणि त्या हटविल्यानंतर नेमके काय साध्य झाले, याचा हा आढावा.

आराखड्यात नसलेली माणसे

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेल्याने भारतातील पंजाबला नव्या राजधानीची आवश्यकता निर्माण झाली. अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांच्या प्रारंभिक आराखड्यानंतर ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्या हाती हे काम आले. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि दोन्ही टप्पे मिळून पाच लाख लोकसंख्या गृहीत धरण्यात आली होती. २०११ च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १० लाख ५५ हजारांवर पोहोचली होती. क्षेत्रफळ मात्र ११४ चौरस किलोमीटर इतकेच आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पदानुसार घरांच्या तेरा श्रेणी ठरविण्यात आल्या. सर्वांत कनिष्ठ श्रेणीतील, म्हणजे शिपायांसाठीच्या घरातही दोन खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शौचालय यांची सोय होती. अल्प खर्चात सन्मानाने राहता येईल असे घर उभारण्याचा तो त्या काळातील उल्लेखनीय प्रयत्न मानला जातो.

मात्र ही घरे सरकारी वेतन मिळविणाऱ्यांसाठी होती. इतरांनी लिलावात भूखंड विकत घेऊन घर बांधावे, अशी अपेक्षा होती. विटा वाहणारा मजूर, हातगाडीवर भाजी विकणारा, सायकलरिक्षा ओढणारा, बंगल्यांत धुणी-भांडी करणारी स्त्री यांच्या उत्पन्नात असे घर बसत नव्हते. शहर उभारणाऱ्या मजुरांना बांधकामाच्या काळापुरत्या तात्पुरत्या वसाहतींत ठेवण्यात आले. काम संपले की ते परत जातील, असे गृहीत धरले गेले होते. बांधकाम संपले नाही आणि शहर वाढत गेले तशी श्रमाची गरजही वाढत गेली. ‘लेबर कॉलनी क्रमांक ४’, ‘लेबर कॉलनी क्रमांक ५’ ही नावे त्या इतिहासाची साक्ष देतात.

चंडीगडभोवतीच्या पट्ट्यात अनियंत्रित बांधकाम होऊ नये, यासाठी १९५२ मध्ये परिघ नियंत्रण कायदा करण्यात आला. त्यामुळे शहराभोवतीची शेती आणि मोकळीक काही काळ टिकली. मात्र गरिबांसाठी स्वस्त जागा कोठे असेल, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यातही नव्हते. वास्तुविशारद मधू सरीन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चंडीगडच्या नियोजनातील हीच उणीव तपशिलाने मांडली आहे.

सीमेकडे सरकलेले पुनर्वसन

झोपड्या हटवून तेथील रहिवाशांना अन्यत्र वसविण्याचे धोरण चंडीगडने सत्तरच्या दशकापासून अवलंबिले. १९७९ मध्ये भाडेपरवान्यावर लहान घरे किंवा मूलभूत सोयी असलेले छोटे भूखंड देण्याची योजना लागू झाली. जमिनीचा लहान तुकडा, नळ, गटार आणि रस्ता यांची व्यवस्था सरकारने करावी आणि घर कुटुंबाने आपल्या ऐपतीनुसार वाढवीत न्यावे, हा विचार त्या काळी अनेक विकसनशील देशांत रूढ होता. जागतिक बँकेनेही त्याला पाठबळ दिले होते.

डड्डूमाजरा, मलोया, धनास, मौली जागरां, राम दरबार, बापूधाम, इंदिरा कॉलनी या चंडीगडच्या पुनर्वसन वसाहतींची नावे आहेत. यांतील बहुसंख्य वसाहती शहराच्या कडेला वसल्या. डड्डूमाजरा तर शहराच्या कचरा डेपोलगत आहे. साठलेल्या कचऱ्याची दुर्गंधी आणि धूर यांविषयी तेथील रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करीत आले आहेत.

या वसाहतींनी काही चांगलेही घडविले. हळूहळू तेथे पक्की घरे उभी राहिली, मजले चढले, दुकाने थाटली गेली. मूळ लाभार्थ्यांपैकी काहींनी घरे मुखत्यारपत्राच्या आधारे दुसऱ्यांना दिली. कायद्याने हे हस्तांतर मान्य नव्हते. परिणामी राहणारा एक आणि कागदावरील नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती अनेक ठिकाणी निर्माण झाली. मालकी हक्काची मागणी तेव्हापासून शहरातील प्रत्येक निवडणुकीत उपस्थित होत आली आहे.

स्मॉल फ्लॅट्स योजना

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. नागरी गरिबांना मूलभूत सेवा पुरविणे हा त्याचा एक भाग होता. त्याच्या साहाय्याने चंडीगड प्रशासनाने २००६ मध्ये ‘चंडीगड स्मॉल फ्लॅट्स योजना’ अधिसूचित केली. अंमलबजावणी चंडीगड गृहनिर्माण मंडळाकडे सोपविण्यात आली. योजनेचे मूळ उद्दिष्ट २५,७२८ सदनिकांचे होते.

त्यासाठी झोपडपट्ट्यांत बायोमेट्रिक सर्वेक्षण करण्यात आले. सर्वेक्षणातील नाव, मतदारयादीतील नोंद आणि प्रत्यक्ष वास्तव्य यांच्या पडताळणीनंतर सोडत काढून सदनिका देण्याचे ठरले. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय असे या सदनिकांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. धनास, मलोया, राम दरबार, मौली जागरां, सेक्टर ३८ पश्चिम, सेक्टर ४९ आणि सेक्टर ५६ येथे इमारती उभारण्यात आल्या.

सर्वांत मोठा प्रकल्प धनास येथील ८,४४८ सदनिकांचा. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये तेथील लाभार्थ्यांना घरांच्या किल्ल्या दिल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, शहरातील सर्वांत मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक असलेली कॉलनी क्रमांक ५ हटविण्यात आली. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनीच, कॉलनी क्रमांक ४ पाडण्यात आली. २०२५ मध्ये औद्योगिक क्षेत्रातील संजय कॉलनी, सेक्टर २५ मधील जनता कॉलनी, सेक्टर ५४ मधील आदर्श कॉलनी आणि शेवटी शाहपूर कॉलनी यांच्यावर कारवाई झाली.

प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या सदनिकांची संख्या मूळ उद्दिष्टाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकी राहिली. तरीही शहराच्या आकारमानाच्या तुलनेत हे काम लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार चंडीगडमधील झोपडपट्ट्यांत सुमारे ९५ हजार लोक राहत होते. त्यांतील मोठ्या हिश्श्याला नळाचे पाणी, स्वतंत्र शौचालय, वीज आणि पावसात न गळणारे छत या योजनेमुळे मिळाले, हे मान्य करावे लागेल.

यादीतील आणि यादीबाहेरील

पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत पात्रतेची तारीख निर्णायक ठरते. तारीख ठरविली नाही तर नव्या झोपड्यांना निमंत्रण मिळते, असा प्रशासनाचा युक्तिवाद असतो आणि तो निराधार नाही. मात्र सर्वेक्षण आणि प्रत्यक्ष कारवाई यांत जितका काळ जातो, तितकी ही तारीख वस्तुस्थितीपासून दूर जाते. चंडीगडमधील सर्वेक्षण २००६ च्या सुमाराचे, तर शेवटच्या वसाहतींवरील कारवाई २०२५ मधील. या एकोणीस वर्षांत सर्वेक्षणातील मुले मोठी होऊन त्यांचे संसार उभे राहिले. काही कुटुंबे नव्याने भाड्याने राहावयास आली. काहींची नोंद सर्वेक्षणाच्या दिवशी घरी नसल्याने किंवा कागदपत्रांतील विसंगतीमुळे होऊ शकली नाही. या सर्वांसाठी नियमांत जागा नव्हती.

महाराष्ट्रातील वाचकांस हा प्रश्न परिचित आहे. मुंबईत संरक्षित झोपडीधारकांसाठी प्रथम १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० ही तारीख मान्य करण्यात आली आणि पुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना शुल्क आकारून घर देण्याचे धोरण आले.

न्यायालयीन इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड पीठाचे प्रमुख होते. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर कार्यपद्धती अनुसरून झोपड्या हटविता येतील, असेही स्पष्ट केले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे निर्देश देण्यात आले. हक्क तत्त्वतः सर्वांना मिळाला, परंतु पर्यायी जागा गणनेतील नोंदीशी बांधली गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अजय माकन प्रकरणात सर्वेक्षण आणि पुनर्वसनाची तजवीज केल्याविना झोपड्या हटविता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली.

यादीबाहेर राहिलेली कुटुंबे सहसा शहर सोडत नाहीत, कारण त्यांचे काम तेथेच असते. चंडीगडमध्ये अशा कुटुंबांसमोर बुडैल, दडवा, हल्लोमाजरा यांसारख्या जुन्या गावठाणांतील भाड्याच्या कोंदट खोल्या किंवा सीमेपलीकडील नयागावसारख्या वस्त्या हाच पर्याय उरतो. ‘लाल डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावठाण हद्दीत बांधकामाचे नियम दीर्घकाळ सैल होते, त्यामुळे तेथे मजल्यावर मजले चढले. झोपडी नकाशावरून जाते, दाटीवाटी मात्र दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्या नावाने कायम राहते.

परवाना आणि मालकी

स्मॉल फ्लॅट्स योजनेतील सदनिका विकलेल्या नाहीत. त्या परवाना शुल्कावर देण्यात आल्या असून आरंभी महिन्याला ८०० रुपये शुल्क आणि ठरावीक काळाने त्यात वाढ, अशी रचना आहे. सदनिका विकणे, भाड्याने देणे किंवा हस्तांतरित करणे यांस मनाई आहे. नियमभंग झाल्यास वाटप रद्द होऊ शकते. गृहनिर्माण मंडळाने अशी कारवाई केलीही आहे.

या अटीमागे विचार आहे. सरकारी पैशातून बांधलेले घर विकून लाभार्थ्याने पुन्हा झोपडी बांधू नये, हा त्याचा हेतू. मुंबईतील पुनर्वसन इमारतींत घरे परस्पर विकली गेल्याचा अनुभव पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही.

तथापि, परवान्याच्या मर्यादाही उघड झाल्या आहेत. मासिक शुल्काची कोट्यवधी रुपयांची थकबाकी साचली. घरोघरी पाहणी केली असता काही सदनिकांत मूळ लाभार्थ्यांऐवजी अन्य लोक राहत असल्याचे आढळले. इमारतींची देखभाल कोणी करावी, हा वाद कायम आहे. घर मंडळाचे आहे, म्हणून दुरुस्ती मंडळाने करावी, असे रहिवासी म्हणतात. शुल्कच भरले जात नसल्याने दुरुस्तीसाठी निधी कोठून आणावा, असा मंडळाचा प्रतिप्रश्न असतो. परवान्याच्या घरावर बँक कर्ज देत नाही. मुलीचे लग्न, आजारपण किंवा धंद्यासाठी ते गहाण ठेवता येत नाही. नोकरी दुसऱ्या शहरात लागली तर घर सोडता येते, त्याचे मूल्य मात्र सोबत नेता येत नाही.

परवाना आणि पूर्ण मालकी यांच्यामध्ये एक तिसरी वाटही आहे. ओडिशा सरकारने २०१७ मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देणारा कायदा केला. त्यानुसार मिळणारा हक्क वारसांकडे जातो आणि कर्जासाठी गहाण ठेवता येतो, परंतु विकता येत नाही. सट्टेबाजी रोखणे आणि कुटुंबाला सुरक्षितता देणे हे दोन्ही हेतू एकत्र साधण्याचा तो प्रयत्न आहे.

भाड्याच्या घरांचा प्रयोग

कोविड साथीच्या काळात स्थलांतरित मजुरांची परवड समोर आल्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील गृहसंकुल योजनेला मंजुरी दिली. पूर्वीच्या योजनांतून बांधलेली, परंतु रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने द्यावीत, हा तिचा एक भाग होता. देशभरात अशा घरांची संख्या ८० हजारांहून अधिक होती. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी असणे, हे चुकीच्या जागी बांधकाम झाल्याचे लक्षण मानले जाते.

या योजनेची अंमलबजावणी करणाऱ्या पहिल्या शहरांत चंडीगडचा समावेश होता. मलोया येथील २,१९५ सदनिका तिच्यात वर्ग करण्यात आल्या. कॉलनी क्रमांक ४ मधील पात्र कुटुंबांनाही येथेच घरे देण्यात आली. भाडे मात्र महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे स्मॉल फ्लॅट्स योजनेतील आरंभीच्या शुल्काच्या जवळपास चौपट होते. कॉलनी क्रमांक ४ औद्योगिक क्षेत्रात, शहराच्या आग्नेयेस होती. मलोया पश्चिम टोकाला आहे. कारखान्यात किंवा जवळच्या सेक्टरांत पायी कामाला जाणाऱ्यांना त्यामुळे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करावा लागला. भाडे आणि बसचा खर्च मिळून घराची खरी किंमत ठरते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे गणित याच बेरजेवर अवलंबून असते.

जागच्या जागी सुधारणा

झोपडी पाडून दूर इमारत बांधणे हा एकमेव मार्ग नाही. जकार्तात १९६९ पासून राबविलेल्या कंपुंग सुधारणा कार्यक्रमात घरे न हलविता वस्त्यांतील रस्ते, पाणी आणि गटारे सुधारण्यात आली. कराचीतील ओरंगी येथे अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात रहिवाशांनी गल्लीतील गटारांचे काम स्वतःच्या वर्गणीतून केले. थायलंडने २००३ मध्ये सुरू केलेल्या बान मंकाँग कार्यक्रमात वस्तीतील बचतगटांना सामूहिक कर्ज देऊन जमीन आणि घर यांचा निर्णय त्यांच्याकडेच सोपविला.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. पुण्यातील येरवडा परिसरात नेहरू अभियानाच्याच निधीतून काही वस्त्यांत जागच्या जागी पुनर्बांधणी झाली. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन यांच्या सहभागातून झालेल्या या कामात कच्ची घरे पाडून त्याच ठिकाणी सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधण्यात आली. शेजार कायम राहिला, गल्ल्या थोड्या रुंद झाल्या. कुटुंबांनी खर्चाचा सुमारे दहा टक्के हिस्सा उचलला. निधी एकाच अभियानाचा, मात्र चंडीगडने वस्ती हलविली आणि येरवड्यात घर बदलले.

मुंबईने तिसरा मार्ग निवडला. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणामार्फत विकासकाला अतिरिक्त बांधकामाचा हक्क देऊन झोपडीधारकांना विनामूल्य घर दिले जाते. हा मार्ग जमिनीच्या चढ्या भावावर चालतो. त्यामुळे भाव नसलेल्या भागांत प्रकल्प रखडतात आणि भाव असलेल्या भागांत इमारती अतिशय दाटीने उभ्या राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ५२ लाखांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या तुलनेत या योजनेचा वेग अपुरा ठरला आहे.

जमीन सरकारच्या ताब्यात असल्याने चंडीगडला विकासकावर अवलंबून राहण्याची गरज नव्हती. तेथे जागच्या जागी सुधारणा करणे तुलनेने सोपे होते. मात्र झोपड्यांखालील जमीन आराखड्यात अन्य कामांसाठी राखून ठेवलेली होती आणि आराखड्याचे पावित्र्य जपणे ही या शहराची ओळख बनलेली आहे.

यशाचे मोजमाप

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहत कार्यक्रमाने झोपडपट्टीची व्याख्या पाच उणिवांच्या आधारे केली आहे : सुरक्षित पाणी, शौचालय, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम आणि निष्कासनापासून संरक्षण. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ते कुटुंब झोपडपट्टीसदृश स्थितीत राहते, असे मानले जाते. जगात शंभर कोटींहून अधिक लोक या स्थितीत असल्याचा अंदाज असून २०३० पर्यंत सर्वांना पुरेसे, सुरक्षित आणि परवडणारे घर मिळावे, हे शाश्वत विकास उद्दिष्टांत नमूद आहे.

या कसोटीवर चंडीगडची पुनर्वसन घरे पाणी, शौचालय आणि बांधकाम या तीन बाबतींत निःसंशय उत्तीर्ण होतात. पुरेशा जागेबाबत शंका राहते. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला एक खोली अपुरी पडते. १९५० च्या दशकात याच शहराने शिपायाला दोन खोल्यांचे घर दिले होते, हे येथे आठवते. पाचव्या, म्हणजे सुरक्षिततेच्या निकषावर चित्र अर्धवट आहे. परवानाधारक झोपडीपेक्षा सुरक्षित आहे, मालकापेक्षा असुरक्षित. यादीबाहेरील भाडेकरू तर कोणत्याही नोंदीत नाही.

झोपड्या हटविल्याने मोकळ्या झालेल्या शेकडो एकर जमिनीचे पुढे काय होणार, यावरही या मोहिमेचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील. ही जमीन कामाच्या ठिकाणांजवळ आहे. तिचा काही भाग अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या आणि मालकीच्या घरांसाठी राखून ठेवणे चंडीगड प्रशासनाच्या अधिकारात आहे. तसे न झाल्यास शहराला लागणारे श्रम पुढेही येतील आणि ते करणारी माणसे पुन्हा कोठेतरी आडोसा शोधतील. सत्तर वर्षांपूर्वी मजूर परत जातील असे गृहीत धरण्यात आले होते. ते गृहीतक चुकीचे ठरल्याचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे.